खोलीला दार नव्हतं, हीच तर जाहिरात होती! केनियाच्या किनाऱ्यावरच्या एका सफारी कॅम्पची गोष्ट, जिचं बिल अजून कुणीतरी भरतंय

इन्स्टाग्रामवर सध्या एक रील दर दोन दिवसांनी समोर येतंच. पांढरी वाळू, समोर हिंदी महासागर, मध्ये एकच तंबू. तंबूत चार खांबांचा पलंग, मच्छरदाणी वाऱ्यावर हलतेय आणि खाली कॅप्शन, ‘नो वॉल्स, नो वायफाय, नो नेबर्स’. लोकेशन आफ्रिकेतलं कुठलं तरी, ज्याचं नाव धड उच्चारताही येत नाही असं. कमेंटमध्ये लोक एकमेकांना टॅग करतात, ‘चल, इथे जाऊया’.

आता आफ्रिका काही फक्त गोऱ्या पर्यटकांची राहिलेली नाही. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, आणि केनियात येणाऱ्या परदेशी पर्यटकांमध्ये भारत आघाडीच्या देशांत मोजला जातो. मसाई मारामध्ये वाघीण नाही, सिंहीण बघायची असते हे पुण्या-नाशिकच्या ग्रुप टूरवाल्यांना आता वेगळं सांगावं लागत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे ‘बुश अँड बीच’. आधी चार दिवस जंगल, मग चार दिवस समुद्र. आणि त्यातही सगळ्यात महागडी गोष्ट म्हणजे जिथे दुसरं कुणीच नाही असा किनारा.

पण हे ‘दुसरं कुणीच नाही’ नेमकं कसं विकलं जातं? त्यात खरंच कुणी नसतं का? आणि काही बिनसलं, तर त्याची किंमत कोण मोजतं?

याचं उत्तर शोधायचं तर केनियाच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, किवायू नावाच्या ठिकाणी जावं लागतं. तिथे एक असाच कॅम्प होता. सप्टेंबर २०११ मध्ये तिथे एक रात्र अशी आली, की त्यानंतरच्या पाच आठवड्यांत केनियाचं सैन्य शेजारच्या देशात घुसलं होतं.

तंबूच का, हॉटेल का नाही?

सफारी हा शब्द आपल्याला परका नाही. अरबीतला ‘सफर’ स्वाहिली भाषेत गेला, तिथे ‘सफारी’ झाला, म्हणजे प्रवास. तोच सफर मराठीतही आहे. ब्रिटिशांच्या काळात शिकारीला निघालेले साहेब तंबू, पलंग, अंघोळीचं टब, अगदी चिनी मातीची भांडीसुद्धा हमालांच्या डोक्यावर देऊन निघायचे. शिकार गेली, थाट राहिला. आजचा ‘टेंटेड कॅम्प’ हा त्याच थाटाचा वारस.

कॅनव्हासचा तंबू वापरायची कारणं मात्र रोमँटिक कमी आणि व्यवहाराची जास्त आहेत. जंगल किंवा किनाऱ्यालगतची जमीन बहुतेक वेळा कॅम्पवाल्याच्या मालकीची नसते. ती सरकारची, काउंटीची किंवा स्थानिक समाजाची असते आणि ठरावीक वर्षांच्या कराराने घेतलेली असते. तिथे पक्कं बांधकाम करायला परवानगी मिळत नाही, मिळाली तरी करार संपला की सगळं तिथेच सोडून जावं लागतं. तंबू गुंडाळता येतो. शिवाय वीस खाटांच्या कॅम्पला शंभर खोल्यांच्या हॉटेलइतकं पाणी, वीज, सांडपाण्याची सोय लागत नाही.

मग भाडं एवढं का? कारण रस्ता नसतो. पाहुणा छोट्या विमानाने धावपट्टीवर उतरतो, पुढे होडी किंवा जीप. कांदे-बटाट्यांपासून डिझेलपर्यंत सगळं त्याच वाटेने येतं. पावसाळ्यात, म्हणजे साधारण एप्रिल-मेमध्ये, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे बरेच कॅम्प बंद असतात, पण देखभालीला ठेवलेल्या माणसांचा पगार चालू राहतो. वर्षाचा खर्च आठ-नऊ महिन्यांत, मोजक्या पाहुण्यांकडून काढायचा. त्यात जंगलाची फी वेगळी. एकट्या मसाई मारामध्ये परदेशी पाहुण्याला जुलै ते डिसेंबर या हंगामात माणशी दिवसाला २०० डॉलर मोजावे लागतात.

थोडक्यात, पाहुणा पैसे मोजतो ते पलंगाचे नाहीत. तो पैसे मोजतो ते अंतराचे. पोलीस चौकी लांब, दवाखाना लांब, मोबाइलचा टॉवर लांब, गाव लांब. ब्रोशरमध्ये याला शांतता म्हणतात.

किवायू कुठे आहे?

केनियाचा किनारा दक्षिणेला टांझानियापासून सुरू होतो आणि उत्तरेला सोमालियाच्या हद्दीवर संपतो. मोम्बासा, मालिंदी ही गजबजलेली गावं दक्षिणेकडे. वर लामू नावाचं बेट. लामूचं जुनं गाव २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. अरुंद बोळ, प्रवाळाच्या दगडाची घरं, नक्षीचे दरवाजे, आणि मोटारींऐवजी गाढवं. इथल्या शिडाच्या मोठ्या होडीला स्वाहिलीत ‘जहाझी’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतो ना? मोसमी वाऱ्यांवर कच्छ-काठेवाडपासून इथपर्यंत शेकडो वर्षं व्यापार चालला, त्याच्या खुणा भाषेत राहिल्या आहेत.

लामूच्याही उत्तरेला, साधारण ५० किलोमीटरवर किवायू. लांबट बेट, त्याच्या समोर मुख्य भूमीवर अर्धगोलाकार किनारा. समुद्रात किउंगा सागरी अभयारण्य, मागे दोदोरी आणि बोनीची जंगलं. हिरोला नावाचं जगातलं अत्यंत दुर्मीळ हरीण याच पट्ट्यात उरलं आहे. आणि किवायूपासून पुन्हा तितक्याच अंतरावर सोमालियाची हद्द. म्हणजे आपल्या हिशेबाने पुण्याहून लोणावळ्यापेक्षाही जवळ.

इथे ‘किवायू सफारी व्हिलेज’ हा कॅम्प होता. नाव कॅम्पचं असलं तरी तंबूंऐवजी झावळ्यांनी शाकारलेल्या, चटयांच्या प्रशस्त झोपड्या होत्या. केनियात त्यांना ‘बांदा’ म्हणतात. समुद्राकडची बाजू उघडी. कुलूप लावायचं तर दार हवं, आणि दार तर नव्हतंच. दाराच्या जागी पडदा होता. जगभरातले पैसेवाले, नावाजलेले लोक तिथे येऊन राहून गेले होते, ते याच उघडेपणासाठी.

यात कॅम्पवाल्यांना वेड्यात काढायचं कारण नाही. कित्येक वर्षं तिथे काही झालं नव्हतं. दार लावायची गरज नसणं हीच त्या जागेची खरी प्रतिष्ठा होती.

११ सप्टेंबर २०११ ची रात्र

मसाई मारामध्ये सफारी करून एक मध्यमवयीन ब्रिटिश जोडपं १० सप्टेंबरला किवायूत पोचलं. म्हणजे अगदी नमुनेदार ‘बुश अँड बीच’. हंगाम असा की त्या रात्री अख्ख्या कॅम्पमध्ये पाहुणे म्हणून हे दोघंच. मध्यरात्रीनंतर बंदूकधारी माणसं झोपडीत शिरली. झटापटीत नवऱ्याला गोळी लागली आणि तो जागीच गेला. बायकोला ओढत वाळूवरून होडीत घातलं आणि होडी उत्तरेकडे निघून गेली.

तिला सोमालियात १९२ दिवस डांबून ठेवलं. नवरा जिवंत नाही हे तिला काही दिवसांनी मुलाशी फोनवर बोलताना कळलं. २१ मार्च २०१२ ला, घरच्यांनी खंडणीची सोय केल्यावर ती सुटली.

ही एकच घटना असती तर कदाचित दुर्दैव म्हणून विषय संपला असता. पण तीन आठवड्यांच्या आत, १ ऑक्टोबरला, लामूच्या शेजारच्या मांडा बेटावरून एका फ्रेंच महिलेला तिच्या घरातून उचललं. ती वयस्कर होती, व्हीलचेअरवर होती आणि तिला रोज औषधं लागत. ती ताब्यात असतानाच मेली. १३ ऑक्टोबरला सीमेजवळच्या दादाब इथल्या निर्वासितांच्या छावणीतून वैद्यकीय मदतकार्य करणाऱ्या दोन स्पॅनिश महिलांचं अपहरण झालं.

हे लोक होते कोण?

केनिया सरकारने बोट दाखवलं अल-शबाबकडे, म्हणजे सोमालियातल्या जिहादी संघटनेकडे. अल-शबाबने हात झटकले. किवायूहून नेलेली महिला ज्यांच्या ताब्यात होती, ते खंडणीचा धंदा करणारे समुद्री चाचे होते.

हा फरक महत्त्वाचा आहे, आणि इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो.

२०११ हे सोमाली चाचेगिरीच्या ऐन भराचं वर्ष. व्यापारी जहाजं पळवायची, खलाशांना ओलीस ठेवायचं, कंपनीकडून लाखो डॉलर काढायचे. त्याविरुद्ध जगभरची नौदलं गस्त घालत होती, भारताचं नौदल २००८ पासून एडनच्या आखातात होतं. २०११ च्या पहिल्या तीन महिन्यांत भारतीय नौदल आणि तटरक्षक दलाने अरबी समुद्रात पाठोपाठ कारवाया करून १०० च्या वर चाचे पकडले आणि त्यांना मुंबईत आणलं. पुढे वर्षानुवर्षं त्यांचे खटले मुंबईच्या कोर्टात चालले. चाचेगिरीविरोधात भारताकडे तेव्हा वेगळा कायदाच नव्हता, तो २०२२ मध्ये झाला. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ या जहाजावरून पकडलेल्या ३५ चाच्यांनाही मुंबईतच आणलं गेलं, तेव्हा हा कायदा कामाला आला.

तर, समुद्रावर एकीकडे नौदलं, दुसरीकडे जहाजांवर बंदूकधारी रक्षक. जहाज पळवणं अवघड होत चाललं होतं. ओलीस ठेवायला माणूसच हवा असेल तर तो जहाजावरच असला पाहिजे असं थोडंच आहे? अनेक अभ्यासकांनी तेव्हा किवायू आणि मांडाच्या घटनांकडे असंच पाहिलं. जहाजावर चढायला शिडी लागते, किवायूत पडदा बाजूला सारला की झालं.

एक अपहरण, एक युद्ध

१६ ऑक्टोबर २०११ ला केनियाचं सैन्य सोमालियात घुसलं. मोहिमेचं नाव ‘लिंडा न्ची’, म्हणजे देशाचं रक्षण करा. स्वातंत्र्यानंतर केनियाने दुसऱ्या देशात केलेली ही पहिली मोठी लष्करी कारवाई. कारण सांगितलं गेलं ते पर्यटक आणि मदतनीसांच्या अपहरणांचं. मोहीम मात्र चाच्यांविरुद्ध नाही, अल-शबाबविरुद्ध.

काही दिवसांतच केनियाच्या अधिकाऱ्यांकडून हेही बाहेर आलं की सीमेपलीकडे एक सुरक्षित पट्टा तयार करायचा विचार बराच आधीपासून चालू होता. अपहरणांनी निमित्त दिलं. पुढच्या वर्षी हे सैन्य आफ्रिकन युनियनच्या फौजेत सामील झालं आणि किस्मायो हे बंदर अल-शबाबच्या हातून गेलं.

त्याचा बदला कसा घेतला गेला हे जगाने पाहिलं. सप्टेंबर २०१३ मध्ये नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवर हल्ला, ६७ मृत्यू, त्यात भारतीय आणि भारतीय वंशाचेही लोक. जून २०१४ मध्ये लामू काउंटीतल्याच म्पेकेटोनी गावात आणि आसपास ६० हून जास्त माणसं मारली गेली. एप्रिल २०१५ मध्ये गारिसा विद्यापीठात १४८. जानेवारी २०२० मध्ये लामूजवळच्या मांडा बे तळावर तीन अमेरिकी ठार झाले.

हे सगळं एका कॅम्पमुळे घडलं, असं म्हणणं खुळेपणाचं होईल. सोमालियात १९९१ पासून धड सरकार नव्हतं, अल-शबाब आधीपासून होतं, केनियाचे स्वतःचे हिशेब होते. पण लांबच्या किनाऱ्यावरचे दोन गोरे पाहुणे एखाद्या सरकारला जे निमित्त देतात, ते तिथल्या चार गावांतली माणसं वर्षानुवर्षं असुरक्षित जगली तरी मिळत नाही, एवढं या पाच आठवड्यांनी दाखवून दिलं.

एका पानाचा सल्ला आणि रिकामे किनारे

आता पैशाकडे येऊ. किवायूचा कॅम्प बंद पडला. पण फटका तिथेच थांबला नाही, कारण मध्ये येते ती ट्रॅव्हल ॲडव्हायझरी.

परदेशांची सरकारं आपल्या नागरिकांसाठी कुठे जावं, कुठे जाऊ नये याचा सल्ला काढतात. कागदावर तो फक्त सल्ला असतो. प्रत्यक्षात प्रवास विमा बहुतेक वेळा त्यावर टांगलेला असतो. सरकारने जाऊ नका सांगितलेल्या भागात तुम्ही गेलात आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. विमा नाही म्हटल्यावर टूर कंपनी नेत नाही. टूर कंपनी नाही म्हटल्यावर छोटं विमान भरत नाही. कुणीही बंदी घातलेली नसते, आणि तरी किनारा बंद होतो.

ऑक्टोबर २०११ मध्ये ब्रिटनने सोमालियाच्या सीमेपासून किनाऱ्यालगतच्या १५० किलोमीटरच्या पट्ट्यात जाऊ नका असं सांगितलं. लामू त्यात आलं. मे २०१४ मध्ये मोम्बासाबाबत इशारा निघाला आणि ब्रिटिश टूर कंपन्यांनी सुट्टीवर आलेल्या शेकडो पर्यटकांना अर्ध्यातून विमानात बसवून परत नेलं. किवायू ते मोम्बासा सरळ रेषेत सुद्धा जवळपास ३०० किलोमीटर आहे. पण नकाशावर लाल रंग चढला की तो पसरतो. त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली, आणि हजारो किलोमीटर लांबच्या केनियातली बुकिंगंही लोकांनी रद्द केली. बाहेरच्यांसाठी आफ्रिका हा एकच देश आहे, दुर्दैवाने.

पर्यटक कुठे तरी दुसरीकडे गेले. मासेमार कुठे जाणार?

लामूच्या समुद्रात सुरक्षेच्या कारणावरून रात्रीच्या मासेमारीवर बंदी आली. चाचे आणि अतिरेकी रात्री होडीतून येतात, म्हणून रात्री होडीच नको, असा सरळ हिशेब. लामूत मात्र कित्येक जातीचे मासे रात्रीच जाळ्यात येतात. ही बंदी दोन-चार महिन्यांची नव्हती, ती वर्षानुवर्षं रेंगाळली. म्पेकेटोनीनंतर तर संध्याकाळपासून पहाटेपर्यंत संचारबंदी. कॅम्पला मासे विकणारा, पाहुण्यांना होडीतून फिरवणारा, झावळ्या शाकारणारा, कपडे धुणारी, या सगळ्यांचं गिऱ्हाईक गेलंच होतं. आता आधीचा धंदाही गेला.

टायरच्या चपलेचा ठसा

या गोष्टीतलं सगळ्यात जड बिल मात्र एकाच माणसाच्या नावावर फाटलं.

किवायूच्या मागच्या जंगलात बोनी लोक राहतात. ते स्वतःला ‘अवेर’ म्हणवतात. पिढ्यान्‌पिढ्या शिकार आणि मध गोळा करून जगणारा हा छोटा समाज. १९७६ मध्ये बोनी आणि दोदोरी ही राखीव क्षेत्रं जाहीर झाली. १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर सरसकट बंदी घातली. म्हणजे दोन वर्षांत या लोकांचं जगणंच बेकायदेशीर झालं. उरलं काय तर मध, लाकूडफाटा, थोडी फिरती शेती आणि किनाऱ्यावरच्या कॅम्पमध्ये मिळेल ती नोकरी.

हल्ल्यानंतर पोलिसांनी याच समाजातल्या एका माणसाला पकडलं. तो पूर्वी किवायूच्या कॅम्पमध्ये कामाला होता, नंतर जंगलातून लाकूड आणि मध आणून पोट भरायचा. त्याचं म्हणणं असं, की बंदूकधाऱ्यांनी त्याला जंगलात गाठलं आणि बंदुकीच्या धाकावर कॅम्पची वाट दाखवायला लावली. सरकारी पक्षाचं म्हणणं असं, की तो टोळीला सामील होता.

पुरावा काय? मुख्य पुरावा म्हणजे वाळूतले ठसे. जुन्या टायरपासून बनवलेल्या चपलांचे ठसे घटनास्थळी सापडले आणि ते त्याच्या पायताणाशी जुळतात, असं कोर्टात सांगण्यात आलं. टायरच्या चपला केनियात गावोगाव मिळतात, हे वेगळं सांगायला नको. खटल्याचा बराच भाग त्याच्याकडे वकील नव्हता. त्याची भाषा बोनी, कामकाज इतर भाषांत. लंडन पोलिसांचा एक अधिकारी तपासाला मदत करत होता, त्यानेही साक्ष दिली. परदेशी पोलिसाच्या साक्षीला लामूसारख्या छोट्या गावातल्या कोर्टात किती वजन असेल, याचा अंदाज करता येतो.

२०१३ मध्ये त्याला हिंसक दरोड्यासाठी फाशी आणि अपहरणासाठी ७ वर्षांची शिक्षा झाली. केनियात १९८७ नंतर प्रत्यक्ष फाशी दिली गेलेली नाही, आणि २०१६ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी फाशीच्या सगळ्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. पण तुरुंग तर तुरुंगच.

मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या वकिलांनी प्रकरण लावून धरलं. आरोपीच्या फायद्याची माहिती कोर्टापुढे आलीच नव्हती, हे बाहेर आलं. एप्रिल २०२३ मध्ये केनियाच्या सरकारी पक्षानेच मान्य केलं की ही शिक्षा टिकण्यासारखी नाही. हायकोर्टाने ती रद्द केली. ब्रिटनमध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या यंत्रणेनेही चौकशी केली. साक्ष देणारा अधिकारी निवृत्त झाला नसता, तर त्याला गंभीर गैरवर्तनाच्या आरोपांना तोंड द्यावं लागलं असतं, असा तिचा निष्कर्ष निघाला.

तो माणूस बाहेर आला तेव्हा अकरा वर्षांहून जास्त काळ गेला होता. या गुन्ह्यात शिक्षा झालेला तो एकमेव होता. ज्यांनी गोळी झाडली, ज्यांनी होडी चालवली, ज्यांनी खंडणी मोजून घेतली, त्यातल्या कुणालाही या खटल्यात शिक्षा झालेली नाही.

दरम्यान त्याच्या जंगलाचं काय झालं? सप्टेंबर २०१५ मध्ये केनियाने ‘लिंडा बोनी’ ही मोहीम सुरू केली. अल-शबाबचे लोक बोनीच्या जंगलात लपतात म्हणून. लष्कर आलं, जंगलात जाण्या-येण्यावर बंधनं आली. म्हणजे शिकार आधीच गेली होती, कॅम्पची नोकरी गेली, आता मधही अवघड. बाहेरून आलेल्या माणसाला ‘निर्जन’ वाटणाऱ्या किनाऱ्यामागे हे लोक राहत होते. ब्रोशरच्या फोटोत ते कधी आलेच नाहीत, एवढंच.

मग आता तिथे काय चाललंय?

लामू पुन्हा उभं राहिलंय. ब्रिटनच्या अलीकडच्या सल्ल्यांमध्ये लामू काउंटी धोक्याच्या यादीत ठेवूनही लामू आणि मांडा ही दोन बेटं त्यातून वगळलेली दिसतात. त्यामुळे विमानं येतात, सणासुदीला गर्दी होते. सीमेकडच्या मुख्य भूमीवरचा पट्टा मात्र अजून त्या लाल रंगातच आहे.

किनाऱ्याचं रूपही बदलतंय. दक्षिण सुदान आणि इथिओपियाला समुद्राशी जोडणाऱ्या मोठ्या प्रकल्पातल्या लामू बंदराची पायाभरणी २०१२ मध्ये झाली आणि मे २०२१ मध्ये त्याचा पहिला धक्का खुला झाला. बंदरासाठी समुद्रतळ उपसला, खारफुटी गेली, मासेमारीच्या जागा गेल्या. २०१८ मध्ये केनियाच्या हायकोर्टाने सुमारे ४६०० मासेमारांना १७६ कोटी केनियन शिलिंगची भरपाई मंजूर केली. शेजारी होऊ घातलेल्या कोळशाच्या वीज प्रकल्पाचा परवाना २०१९ मध्ये रद्द झाला, तोही स्थानिकांनी लढा दिल्यावर.

समोरच्या समुद्रावरून तर दोन देशांचं भांडण आहे. केनिया आणि सोमालियाची सागरी हद्द नेमकी कुठून जाते, यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये निकाल दिला. वादातला मोठा भाग सोमालियाच्या पदरात पडला. केनियाने तो निकाल मानायला नकार दिला. पाण्याखाली तेल आणि वायू असण्याची शक्यता आहे, म्हणून हा सगळा अट्टहास.

म्हणजे रीलमध्ये जो रिकामा निळा पट्टा दिसतो, त्यावर दोन देश, एक बंदर, एक सागरी अभयारण्य, हजारो मासेमार आणि एक जंगलवासी समाज हक्क सांगतोय.

जायचं असेल तर?

आफ्रिकेत जाऊच नये, असा याचा अर्थ काढणं चुकीचं आहे. लाखो पर्यटक दरवर्षी केनियात जातात आणि भरपूर फोटो घेऊन सुखरूप परत येतात. पाहुणे गेले नाहीत तर काय होतं, हे लामूने चांगलं भोगलंय. पण एखाद्या एकाकी बीच कॅम्पसाठी लाखभर रुपये मोजण्याआधी चार गोष्टी विचारल्या, तर कुणी नाक मुरडणार नाही.

पहिली म्हणजे विमा. ‘वर्ल्डवाइड कव्हर’ एवढ्यावर समाधान मानू नका. ज्या भागाबद्दल सरकारी इशारा आहे तिथे पॉलिसी चालते का, आणि जखमी झाल्यास विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे लेखी घ्या. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा सल्ला बघाच, पण ब्रिटन-अमेरिकेचे नकाशेही बघा. ते किलोमीटरनिशी असतात, आणि कॅम्पवाले स्वतः त्यांच्यावरच डोळा ठेवून असतात.

दुसरी, जमीन कुणाची? चांगला कॅम्प हे अभिमानाने सांगतो. केनियात, नामिबियात असे कॅम्प आहेत जिथे जमीन स्थानिक समाजाची आहे, भाड्याचा ठरलेला हिस्सा त्यांना जातो, आणि नोकऱ्यांत पहिला हक्क त्यांचा. उत्तर देताना मॅनेजर ‘कम्युनिटी’ हा शब्द चार वेळा वापरत असेल आणि आकडा एकदाही सांगत नसेल, तर समजून जा.

तिसरी, रात्रीचा पहारा कोण देतं? पूर्व आफ्रिकेत पहारेकऱ्याला ‘अस्कारी’ म्हणतात. हातात बहुतेक वेळा बॅटरी आणि काठी. तो हत्ती-रानरेड्यांपासून तुम्हाला वाचवायला असतो आणि ते काम उत्तम करतो. कॅम्पकडे रेडिओ किंवा सॅटेलाइट फोन आहे का, धावपट्टी रात्री वापरता येते का, जवळचा दवाखाना किती तासांवर, हे विचारायला लाजू नका.

आणि चौथी, पावसाळ्यात कॅम्प बंद असताना तिथल्या माणसांना पगार मिळतो का? याचं उत्तर फारसे कॅम्प वेबसाइटवर देत नाहीत. बुकिंगच्या ईमेलमध्ये विचारलं तर मात्र त्यांना काही तरी लिहावंच लागतं.